डॉपलर नावाचा माणूस

मागच्या उन्हाळ्यात ‘डॉपलर’ हा शब्द पंधरा दिवसांत दोनदा माझ्या कानावर पडला. पहिल्यांदा पुण्यातल्या एका दवाखान्यात. आईच्या पायाच्या शिरा फुगून दुखू लागल्या होत्या आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर पायांचे डॉपलर करून आणायला लिहून दिले होते. दुसऱ्यांदा आमच्या हिंजवडीत, एका गृहसंकुलाच्या सांडपाण्याच्या पाइपाशेजारी मी नाकाला ओढणी लावून उभी असताना. आईच्या पायातले रक्त आणि गटाराचे पाणी यांना एकच शब्द कसा लागू पडतो, हा प्रश्न इतिहास विषय घेतलेल्या मुलीला पडायचे खरे म्हणजे काही कारण नव्हते. पण पडला खरा. चौकशी करता कळले, की डॉपलर नावाचा एक माणूस होता आणि तो वारला त्याला आता पावणेदोनशे वर्षे होत आली. त्या माणसाविषयी पुढे सुट्टीभर जे वाचले ते येथे सांगायचे आहे. पण आधी तो पाइप.

आमचे काका त्या संकुलाच्या पंपघरावर कामाला आहेत. हिंजवडीत आयटी पार्क आला, आमची थोडी जमीन गेली आणि काका विहिरीवरून पंपघरात आले. संकुलाच्या प्रवेशाशी पाण्याचा मोठा मीटर आहे. तेथे जेवढे पाणी आत आल्याचा आकडा पडे तेवढे टाकीत भरत नसे. महिन्यागणिक ही तफावत वाढत गेली आणि एका सभेत कोणीतरी पंपवाल्याकडे बोट दाखवले. रात्री टँकर भरून विकले जात असावेत, असा त्याचा अर्थ होता. काकांच्या पोटात दोन दिवस धड अन्न गेले नाही. शेवटी पाणी मोजणारे एक साहेब बोलावण्यात आले. काकांचा चष्मा नेमका फुटला होता, म्हणून आकडे लिहून घ्यायला मी गेले.

मला वाटले होते की आता पाइप कापतील, पाणी बंद करतील, चक्र असलेला मीटर बसवतील. साहेबांनी एक पेटी उघडली. पॉलिश पेपरने घासून पाइपाचा रंग काढला, फीत गुंडाळून घेर मोजला, एका लहानशा यंत्राने पाइपाच्या पत्र्याची जाडी पाहिली, आणि ग्रीससारखा लगदा लावून तळहाताएवढे दोन ठोकळे पाइपावर पट्ट्यांनी आवळले. झाले. वैद्याने मनगट न कापता नाडी बघावी तसा प्रकार. एक ठोकळा आवाज सोडतो, दुसरा ऐकतो. मग दुसरा सोडतो आणि पहिला ऐकतो. हा आवाज इतका उच्च स्वराचा, की माणसाच्या कानाला तो कळतच नाही. पाण्यातून आवाज सेकंदाला सुमारे १,४८० मीटर वेगाने धावतो. पण प्रवाहाबरोबर जाणारा आवाज किंचित लवकर पोचतो आणि प्रवाहाविरुद्ध जाणारा किंचित उशिरा. मुळा नदीला पाणी असताना ज्याने तिच्यात पोहून पाहिले आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. आठ इंची पाइपात पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहत असेल, तर या दोन प्रवासांतला फरक सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आगेमागे भरतो. तेवढ्या फरकावरून यंत्र पाण्याचा वेग काढते, वेगाला पाइपाच्या आतल्या क्षेत्रफळाने गुणते आणि तासाला किती हजार लिटर गेले ते दाखवते. पाइप मात्र पूर्ण भरून वाहत असला पाहिजे, आणि ठोकळे वळणापासून दूर, सरळ तुकड्यावर हवेत. वळणानंतर व्यासाच्या निदान दहापट लांबी सोडावी लागते. नाहीतर यंत्र खोटे बोलते, आणि माणसासारखेच ठामपणे बोलते.

दोन दिवस दोन ठिकाणी मोजणी झाली. प्रवेशाजवळचा आकडा मीटरशी जुळला आणि पंपघराजवळचा टाकीशी. म्हणजे पाणी मधल्या पुरलेल्या लाइनीतच कुठेतरी जिरत होते. खणले तेव्हा एका सांध्याशी चिखल लागला. काकांना त्यानंतर कोणी काही बोलले नाही. आधी जे बोलले गेले होते तेही कोणी परत घेतले नाही.

तिसऱ्या दिवशी साहेबांना सांडपाण्याच्या शुद्धीकरणाकडे जाणारी लाइन मोजायला सांगितली. तेथे ते ठोकळे एकमेकांचे ऐकेनात. पाणी गढूळ, त्यात बुडबुडे आणि नको ते सगळे. आवाज वाटेतच विखरून जाई. तेव्हा साहेबांनी गाडीतून दुसरे यंत्र आणले, आणि ते डॉपलरचे आहे असे सांगितले.

ख्रिश्चन डॉपलरचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ रोजी ऑस्ट्रियातील साल्झबर्ग शहरी झाला. त्याचे संपूर्ण नाव ख्रिश्चन आंद्रेआस. पुष्कळ पुस्तकांत ते योहान ख्रिश्चन असे छापले जाते, ते चूक आहे. ज्या चौकात त्याचे घर होते त्याच चौकात एके काळी मोझार्टचे कुटुंब राहत असे. सुरांच्या चढउताराचा नियम सांगणारा माणूस संगीताच्या अशा शेजारात जन्मावा, हा योगायोग मला फार आवडला. डॉपलरचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या पाथरवटाचे, दगडकामात नाव मिळवलेले. पण हा मुलगा प्रकृतीने किरकोळ. छिन्नी-हातोडा त्याच्याने उचलेल असे बापाला वाटेना. काय करावे म्हणून सल्ला विचारला तेव्हा श्टाम्फर नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने मुलाची बुद्धी ओळखली आणि त्याला व्हिएन्नाच्या तंत्रविद्यालयात पाठवा असे सांगितले. १८२२ साली तो तेथे गेला. अंगात बळ असते तर साल्झबर्गच्या एखाद्या देवळाच्या कमानीवर त्याने कोरलेला दगड आज दिसला असता आणि त्याचे नाव कोणालाही ठाऊक नसते.

शिक्षण उत्तम झाले, पण नोकरीचे जमेना. व्हिएन्नात चार वर्षे तो एका प्राध्यापकाचा साहाय्यक होता. ती मुदत संपली तेव्हा वय तिशीला आलेले आणि हातात कायमचे काही नाही. जागा निघतील तेथे अर्ज करायचा, स्पर्धा परीक्षेला बसायचे, वाट पाहायची आणि दुसऱ्याची नेमणूक झालेली ऐकायची, असे दिवस त्याने काढले. मधल्या काळात सुमारे दीड वर्ष सुताच्या गिरणीत हिशेबनीस म्हणून खर्डेघाशी केली. आमच्या वर्गातल्या ज्यांची मोठी भावंडे पदवी घेऊन घरी बसली आहेत त्यांना हे प्रकरण समजावून सांगण्याची गरज नाही. १८३५ मध्ये त्याने देश सोडण्याचे ठरवले. घरातले किडूकमिडूक विकले आणि अमेरिकेला जाण्याच्या खटपटीसाठी तो म्युनिकपर्यंत जाऊन तेथल्या अमेरिकन वकिलातीत चौकशीही करून आला. एवढ्यात प्राग शहरातल्या एका शाळेतून शिक्षकाच्या नेमणुकीचे पत्र आले आणि अमेरिका राहिली. पुढच्या वर्षी साल्झबर्गच्या एका सोनाराच्या मुलीशी, माटिल्डेशी, त्याचे लग्न झाले. त्यांना पाच मुले झाली.

प्रागमध्ये तो हळूहळू तंत्रविद्यालयाचा प्राध्यापक झाला. १८४१ साली पूर्ण पद मिळाले. पण काम उरापोटावर घेण्याइतके. शेकडो मुलांना शिकवायचे, आणि शेकडोंच्या तोंडी व लेखी परीक्षा त्यानेच घ्यायच्या. कोंदट वर्गात तासन्‌तास बोलून घसा आणि छाती दोन्ही बिघडत गेली. त्यातच विद्यार्थ्यांनी, हा माणूस परीक्षा फार कडक घेतो, अशी वरपर्यंत तक्रार नेली. चौकशी झाली. त्याला दीर्घ रजेवर जावे लागले. (प्राध्यापक मंडळींनी हा परिच्छेद वाचून उगाच हुरूप घेऊ नये.)

या सगळ्या धबडग्यात २५ मे १८४२ रोजी त्याने प्रागच्या विज्ञानसभेपुढे एक निबंध वाचला. विषय होता जोडताऱ्यांचा रंगीत प्रकाश. सभेला माणसे किती, तर बोटांवर मोजण्याइतकी. आजच्या वैद्यकात, हवामानशास्त्रात आणि खगोलशास्त्रात ज्या नियमावाचून पान हलत नाही त्याचे पहिले श्रोते आमच्या वाङ्‌मय मंडळाच्या बैठकीपेक्षाही कमी होते.

त्याने काय सांगितले ते कला शाखेच्या भाषेत सांगता येईल. समुद्रात लाटा ठरावीक अंतराने येत आहेत. नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजावर मिनिटाला दहा लाटा आदळत असतील, तर लाटांवर चालून जाणाऱ्या जहाजावर त्याच वेळात त्याहून जास्त आदळतील आणि लाटांच्या दिशेने पळणाऱ्या जहाजावर कमी. लाटा निर्माण करणाराच हलत असला तरीही असाच फरक पडतो. आवाज ही लाट, प्रकाश ही लाट. म्हणून जवळ येणाऱ्या वस्तूचा स्वर चढा लागेल आणि दूर जाणारीचा उतरेल. चिंचवड स्टेशनच्या फलाटावर उभे राहा. न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी येताना वरच्या पट्टीत असते आणि इंजिन समोरून गेले की एकदम खाली घसरते. हे आपण सगळ्यांनी ऐकले आहे, पण १८४२ साली तेवढ्या वेगाने धावणारे काही ऐकलेली माणसेच जगात थोडी होती. डॉपलरने ते कागदावर, दोनचार ओळींच्या गणिताने काढले.

आता त्याची चूक. डॉपलरला वाटले की तारे मुळात पांढरे असतात आणि काही तारे तांबडे किंवा निळे दिसतात ते त्यांच्या गतीमुळे. हे साफ चुकीचे होते. ताऱ्यांचे वेग प्रकाशाच्या मानाने इतके कमी असतात की त्यामुळे डोळ्यांना रंग बदललेला दिसणार नाही. ताऱ्याचा रंग त्याच्या उष्णतेवरून ठरतो. म्हणजे नियम बरोबर आणि त्यासाठी निवडलेले उदाहरण चूक. निबंधाच्या नावातच ते चुकीचे उदाहरण बसले होते, आणि विरोधकांना तेवढे पुरले.

नियमाची परीक्षा हॉलंडमध्ये झाली. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना वाऱ्याच्या नियमामुळे बाइज बॅलॉट हे नाव पाठ असते, तोच हा. १८४५ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आत, त्याने उट्रेख्टजवळच्या नव्या लोहमार्गावर एक इंजिन आणि एक उघडा डबा मिळवला, डब्यावर तुतारीवाले बसवले आणि रुळांच्या कडेला अचूक कानाचे संगीतकार उभे केले. फेब्रुवारीतला पहिला प्रयत्न बर्फाने आणि थंडीने फसला. जूनमध्ये पुन्हा केला. तुतारीवाल्यांनी एकच सूर धरायचा, गाडी पळवायची, आणि खाली उभ्या असलेल्यांनी तो सूर येताना किती चढला, जाताना किती उतरला ते सांगायचे. इंजिनाच्या खडखडाटात ते कसे जमले कोण जाणे, पण जमले. आवाजापुरता डॉपलर बरोबर आहे असा निर्वाळा बाइज बॅलॉटने दिला आणि ताऱ्यांच्या रंगाचे मात्र त्याने नाकारले. दोन्ही निकाल योग्य होते. माझ्या मते शास्त्रातला मतभेद असा असावा. तसा पुढे झाला नाही.

१८४७ मध्ये डॉपलर शेम्निट्झ या खाणींच्या गावी, आजच्या स्लोव्हाकियात, प्राध्यापक म्हणून गेला. पुढच्याच वर्षी क्रांतीचा वणवा पेटला आणि त्याला तेथून निघावे लागले. १८४८ हे साल आम्ही इतिहासवाले मेटर्निकच्या पळून जाण्यासाठी शिकतो. त्याच धामधुमीत पाच मुलांचा एक आजारी बाप बिऱ्हाड आवरत होता हे आमच्या पुस्तकात नसते. व्हिएन्नाला आल्यावर मात्र दिवस पालटले. तो विज्ञान अकादमीचा सभासद झालेलाच होता. जानेवारी १८५० मध्ये विद्यापीठात भौतिकशास्त्राची नवी संस्था निघाली आणि तिचा पहिला संचालक म्हणून सम्राटाने त्याला नेमले. तेथे १८५१ मध्ये त्याच्या व्याख्यानांना बसणाऱ्यांत ब्र्युन गावाहून आलेला एक मठवासी होता. त्याचे नाव ग्रेगोर मेंडेल. वाटाण्यांचे प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम पुढे त्यानेच मांडले.

आणि मग पेट्झव्हाल आला. योझेफ पेट्झव्हाल हा काही सामान्य माणूस नव्हता. छायाचित्राच्या कॅमेऱ्यासाठी गणिताने भिंग तयार करणारा तो मोठा विद्वान होता, आणि डॉपलरसारखाच अकादमीचा सभासद. १८५२ च्या जानेवारीत आणि पुन्हा मे महिन्यात त्याने अकादमीत डॉपलरच्या नियमावर जाहीर हल्ला चढवला. एवढ्या थोड्या ओळींच्या गणितातून निसर्गाचा मोठा नियम निघूच शकत नाही, असा त्याचा एक मुद्दा होता. तो सोडून देऊ; तो अहंकाराचा मुद्दा होता. दुसरा मात्र खरा गणिताचा होता. पेट्झव्हालने सिद्ध केले, की आवाज करणारा आणि ऐकणारा दोघेही आपापल्या जागी स्थिर असतील, तर मधला वारा किंवा पाणी कितीही वेगाने वाहो, सुराची पट्टी बदलत नाही. सेकंदाला जेवढी कंपने निघाली तेवढीच पोचणार. त्यावरून गतीने सूर बदलतो हे डॉपलरचे म्हणणे खोटे ठरते, असा निष्कर्ष त्याने काढला.

हे वाचले त्या दिवशी मी ग्रंथालयात बसल्या जागी थबकले. कारण पेट्झव्हालचे हे गणित मी हिंजवडीच्या पंपघरात पाहिले होते. स्वच्छ पाण्याच्या पाइपावर आवळलेले ते दोन ठोकळे: एक बोलणारा, एक ऐकणारा, दोघेही स्थिर आणि मधून पाणी वाहते. तेथे सूर खरोखरच बदलत नाही; बदलतो तो फक्त पोचायला लागणारा वेळ. म्हणून तर ते यंत्र वेळ मोजते. पेट्झव्हाल स्वच्छ पाण्यात बरोबर होता. आणि सांडपाण्याच्या पाइपात काय होते? तेथे ठोकळ्याने सोडलेला आवाज पाण्याबरोबर वाहणाऱ्या कणांवर आणि बुडबुड्यांवर आपटून परत येतो. हे कण हलते आहेत. हलत्या कणावरून उलटलेला आवाज वेगळ्या पट्टीत येतो. सेकंदाला दहा लाख कंपनांचा आवाज सोडला आणि मैला मीटरभर वेगाने वाहत असला, तर परत येताना त्यात चारपाचशे कंपनांचा फरक पडतो, आणि त्या फरकावरून वेग काढता येतो. जो गाळ पहिल्या यंत्राला आंधळे करतो त्याच्याच आधाराने दुसरे यंत्र पाहते. गढूळ पाण्यात डॉपलर बरोबर होता. रक्त हेही तसेच. त्यात लाल पेशी वाहत असतात. दोघे दोन निराळ्या गोष्टींविषयी बोलत होते आणि एकाच गोष्टीविषयी भांडत होते.

डॉपलरने उत्तर दिले. नियम सोडला नाही. पण त्याच्याकडे आता वेळ उरला नव्हता. छातीचा विकार क्षयावर गेला होता. १८५२ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी, उबदार हवेने गुण येईल म्हणून, तो कुटुंब मागे ठेवून व्हेनिसला गेला. संस्थेचा कारभार दुसऱ्याच्या हाती गेला. गुण आला नाही. माटिल्डे शेवटी त्याच्याजवळ जाऊन पोचली. १७ मार्च १८५३ रोजी, पन्नाशी गाठण्याआधीच, तो गेला. व्हेनिसच्या सान मिकेले या दफनभूमीच्या बेटावर त्याला पुरले. त्याच्या नावाची पाटी तेथे आहे, नेमकी कबर मात्र दाखवता येत नाही. पाथरवटाच्या घराण्यातल्या माणसाचा स्वतःचा दगड हरवावा!

पुढचे झपाट्याने सांगते. १८४८ मध्येच फ्रान्सच्या फिझोने दाखवून दिले होते, की ताऱ्याचा रंग पाहू नका, त्याच्या प्रकाशाच्या पट्ट्यातल्या काळ्या रेषा किती सरकल्या ते पाहा. १८६८ मध्ये हगिन्सने त्या वाटेने जाऊन व्याधाच्या ताऱ्याचा वेग काढण्याचा प्रयत्न केला. म्हणजे डॉपलर ज्या ताऱ्यांपाशी चुकला होता तेथेच त्याचा नियम शेवटी पोचला. आपल्या नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण आज दूरच्या दीर्घिकांतल्या हायड्रोजनचे संदेश टिपते तेव्हा तो वायू किती वेगाने येतो वा जातो हे याच नियमाने कळते. १९५० नंतरच्या दशकात जपानमध्ये सातोमुरा याने अतिउच्च स्वराचा आवाज माणसाच्या छातीवर लावून हृदयाची हालचाल मोजली. तेथून निघालेली वाट आईच्या पायापर्यंत आली आहे.

त्या तपासणीच्या वेळी मी आईजवळ उभी होते. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तांबडे-निळे डाग हलत होते आणि यंत्रातून सूं-सूं असा आवाज उठत होता. आईला तो रक्ताचाच आवाज वाटला आणि ती घाबरली. मलाही तेव्हा तसेच वाटले. आता माहीत आहे, की तो गेलेल्या आणि परतलेल्या सुरांमधला फरक होता. मूळचा सूर माणसाला ऐकू येत नाही. फरक तेवढा ऐकू येतो.

पेट्झव्हाल आणि डॉपलर यांच्या वादाचा गुंता सोडवला तो अर्न्स्ट माख या तरुणाने, व्हिएन्नातच, १८६० साली. त्याने शिट्टी गरगर फिरवणारे एक यंत्र बनवले आणि फिरताना सूर चढतो-उतरतो हे सर्वांच्या कानांना ऐकवले. दोघांचे गणित दोन वेगळ्या प्रसंगांना लागू आहे, एकाने दुसरे खोटे ठरत नाही, हेही त्याने स्पष्ट केले.

हे सगळे मी एका संध्याकाळी पंपघराच्या पायरीवर बसून काकांना सांगितले. कणांचे आणि बुडबुड्यांचे त्यांना चटकन पटले. विहिरीच्या पाटात पाण्याचा वेग बघायला ते लहानपणी वाळके पान सोडत असत. मग त्यांनी विचारले, की त्या माखने हे सांगितले तेव्हा डॉपलर होता का. त्याला जाऊन तेव्हा सात वर्षे झाली होती, असे मी म्हटले. काका थोडा वेळ नवा चष्मा पुसत राहिले आणि टाकी भरायची वेळ झाली म्हणून आत गेले.